डबीतल्या अळ्या आणि धाकट्याचा ऊस



बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. पुण्याच्या ताईचा दोनदा फोन येऊन गेला, "ब्लॉग बंद केलास का गं?" म्हणून. बंद नाही केला. आधी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मग आमचा कर्नाळ्याचा पाऊस (आषाढात इथे कपडे वाळत नाहीत आणि पापड डब्यात असूनही सादळतात), आणि त्यातच घरी एक पाहुणी आली. आज लिहायचंय ते तिच्याबद्दल आणि तिने आणलेल्या डब्यांबद्दल.

पाहुणी म्हणजे माझ्या धाकट्या भावाची नात. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करते आहे. माझं माहेर वाळवा तालुक्यातलं, भाऊ अजून तिथेच असतो, तीन एकर ऊस. त्याच्याकडून कुणी आलं की भावजय हटकून चिवडा आणि शेंगांची चटणी पाठवते. त्यामुळे नातीने ओट्यावर ठेवलेल्या पिशवीतला डबा मी सरळ उघडला. आत जुन्या मधाच्या पोळ्याचा काळपट चुरा आणि त्यात वळवळणाऱ्या पांढुरक्या, जाडजूड अळ्या! मी ओरडले ते शेजारपर्यंत गेलं.

"आक्काआजी, ते उघडू नकोस," आतून आवाज आला. सूचना जरा उशिराच आली.

त्या मेणपतंगाच्या अळ्या होत्या. मधमाश्यांच्या पेटीत शिरून मेणाच्या पोळ्याची जाळी करून टाकणारी ही कीड. मधपाळ तिला शिव्या घालतात, आणि प्रयोगशाळेत मात्र तिला मुद्दाम पोसतात, कारण नातीला जे शोधायचं होतं त्याला ही अळी फार आवडते. गळाला आमिष लावावं तसं. तिला शोधायचे होते मातीतले सूत्रकृमी. त्यातही किड्यांना मारणारे.

आता सूत्रकृमी म्हटल्यावर माझ्यासारखीला काय आठवणार? जंत. मी मराठीची शिक्षिका, पण आमच्या शाळेत विज्ञानाच्या सरांची रजा निघाली की आठवीचा तास माझ्या गळ्यात पडायचा. फळ्यावर एक वेटोळं काढायचं, शेजारी 'जंत' लिहायचं आणि हात धुण्याचं महत्त्व सांगून तास संपवायचा. सगळी वर्षं मी हेच केलं. या वंशात झाडाची मुळं पोखरणारे आहेत, माणसाच्या पोटात राहणारे आहेत, मातीतली कुजकी घाण खाऊन कुणाच्या अध्यातमध्यात नसणारे आहेत आणि किड्यांचा काळ ठरणारेही आहेत, हे मला वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी माझ्याच स्वयंपाकघरात कळलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी माती गोळा करायला निघालो. अभयारण्यात जायचा प्रश्नच नव्हता, तिथून मूठभर मातीही वनखात्याच्या परवानगीशिवाय उचलता येत नाही. पण आमचं घर शिरढोणच्या पुढे, हायवेपासून आत. परसातून कर्नाळ्याचा तो अंगठ्यासारखा सुळका दिसतो (पाऊस असला की दिसत नाही, म्हणजे चार महिने दिसत नाहीच). परसात माती काही कमी नाही. नारळाची आळी, शेवग्याखाली, भाताच्या खाचराचा बांध, शेजाऱ्यांची वालाची पडीक वाफेजमीन, जांभळाखालचा पाचोळा. वीतभर खोल खणायचं, माती पिशवीत भरायची, पिशवीवर जागा आणि तारीख लिहायची. अक्षर माझं चांगलं म्हणून ते काम माझ्याकडे. शेजारचे काका छत्री घेऊन बांधावर उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, सगळे आमच्या जमिनी विकत घ्यायला येतात, तुम्ही नुसती मातीच नेताय!" विमानतळ आल्यापासून आमच्याकडे जमिनीशिवाय दुसरा विनोद उरलेला नाही.

वीस डब्या झाल्या. प्रत्येकीत ओलसर माती, त्यात पाच-पाच अळ्या, झाकणाला टाचणीने भोकं, आणि डबी उलटी करून अंधारात ठेवायची. आमच्याकडे अंधारी, गार जागा एकच, देवघरामागची तांदळाची खोली. तिथे मी आधी नकार दिला. शेवटी देव समोरच्या खोलीत हलवले नाहीत, पण दार मात्र ओढून घेतलं.

ही आमिषाची पद्धत १९७५ साली ऑस्ट्रेलियातल्या बेडिंग आणि एखर्स्ट या दोघांनी मांडली. इतकी साधी आहे की आजही जगभर तीच वापरतात. मातीत असे सूत्रकृमी असतील तर ते अळीला शोधत येतात. ते असतात अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे नुसत्या डोळ्याला जवळजवळ नाहीतच. अळीच्या तोंडातून, गुदद्वारातून किंवा श्वास घ्यायच्या छिद्रांतून आत शिरतात. आणि इथे मला ज्या गोष्टीचं सगळ्यात नवल वाटलं ती येते. अळीला ते एकटे मारत नाहीत. त्यांच्या आतड्यात एक जिवाणू असतो, तो ते अळीच्या रक्तात सोडतात. जिवाणू वाढतो, एक-दोन दिवसांत अळी मरते, आणि मग सूत्रकृमी जिवाणूंनी शिजवलेल्या त्या मेजवानीवर पिढ्या वाढवतात. अन्न संपलं की नवी पिल्लं पुन्हा तोच जिवाणू पोटात घेऊन बाहेर पडतात. जिवाणूला स्वतःहून दुसऱ्या अळीपर्यंत जाता येत नाही, आणि सूत्रकृमीचं जिवाणूशिवाय भागत नाही.

यांची दोन मोठी घराणी. एक स्टायनरनेमा, दुसरं हेटेरोऱ्हॅब्डायटिस. (दुसरं नाव मला नीट म्हणता यायला तीन दिवस लागले. नातीने माझी उजळणी घेतली, आणि मला माझ्या वर्गातल्या 'ज्ञ' न येणाऱ्या मुलांची आठवण झाली.) स्टायनरनेमाच्या पोटात झेनोऱ्हॅब्डस नावाचा जिवाणू, तर हेटेरोऱ्हॅब्डायटिसच्या पोटात फोटोऱ्हॅब्डस. पहिल्या घराण्यात नर-मादी दोघं अळीत शिरावे लागतात, दुसऱ्यात एकटं पिल्लू शिरलं तरी काम होतं, कारण त्याची पहिली पिढी उभयलिंगी निघते. ओळखायचं कसं, तर पहिली खूण रंग. स्टायनरनेमाने मेलेली अळी भुरकट, तपकिरी होते. हेटेरोऱ्हॅब्डायटिसने मेलेली विटेसारखी लाल.

दुसरी खूण माझ्या लायक होती. वास! इतर कुठल्या रोगाने मेलेली अळी काळी पडते, पिचपिचीत होते आणि घाण मारते. या जिवाणूंनी मारलेली अळी सडत नाही, कारण बाकीच्या जंतूंना रोखणारी द्रव्यं हे जिवाणूच तयार करतात. पाचव्या दिवशी आम्ही डब्या उघडल्या तेव्हा ऑपरेशन झालेल्या डोळ्याने मला काय दिसणार, म्हणून नातीने डब्या माझ्या नाकासमोर धरल्या. सात नंबर, घाण. अकरा नंबर, घाण. बऱ्याच डब्यांत अळ्या ठणठणीत जिवंत होत्या आणि मातीत रेशमाच्या जाळ्या करून बसल्या होत्या. भाताच्या बांधावरच्या एकाही डबीत काही नाही. पाणी साचलेल्या मातीत हवा कमी, तिथे हे नीट जगत नाहीत, असं नात म्हणाली.

चौदा नंबर, शेवग्याखाली. पाचातल्या तीन अळ्या लाल. वास नाही.

पोरीने नाचायचंच बाकी ठेवलं होतं. पण तेवढ्याने भागत नाही बरं का. मेलेल्या किड्यावर ताव मारायला येणारे साधे सूत्रकृमीही मातीत असतात. जो प्रेताजवळ सापडला तो खुनी, असं म्हणता येत नाही. म्हणून त्या अळ्या बशीत ओल्या कागदावर ठेवून ती बशी पाण्याच्या ताटलीत ठेवली. दहा-बारा दिवसांनी नवी पिल्लं बाहेर पडून पाण्यात उतरली, पाणी किंचित दुधाळ दिसायला लागलं. एका अळीतून लाखाच्या घरात निघू शकतात! मग ते पाणी ताज्या, निरोगी अळ्यांवर टाकायचं. त्या तशाच लाल होऊन मेल्या तरच पुरावा पक्का. झाल्या. त्यापुढे जात ठरवायची तर सूक्ष्मदर्शकाखाली मोजमापं आणि डीएनएची तपासणी, ते तिच्या प्रयोगशाळेत. (तिथल्या काचपट्ट्यांवर 'कर्नाळा' असं मराठीत लिहिलेली पहिलीच खेप होती म्हणे. माझं अक्षर.)

एका रात्री दिवे गेले होते. नात म्हणाली, "आक्काआजी, चल, आता बघू." तांदळाच्या खोलीत दार लावून आम्ही दोघी पाटावर बसलो. फोटोऱ्हॅब्डस हा जिवाणू प्रकाश देतो, फार मंद. मला आधी काही दिसेना. नात म्हणे, पंधरा मिनिटं थांब, डोळ्यांना अंधार समजू दे. बाहेर पाऊस कोसळत होता. मग बशीत काहीतरी असल्यासारखं वाटलं. काजव्यासारखं लुकलुकणारं नाही, स्थिर, हिरवट-निळसर, आणि थेट पाहिलं की नाहीसं होणारं. जरा बाजूला पाहिलं की दिसायचं. मी उगाच हात जोडले.

तेव्हा तिने मला एक गोष्ट सांगितली. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, एप्रिल १८६२ मध्ये शायलोच्या लढाईनंतर जखमी सैनिक पावसाचिखलात पडून होते. काहींच्या जखमा रात्री चमकत होत्या आणि त्यांच्याच जखमा चांगल्या भरल्या, अशी दंतकथा आहे. २००१ साली दोन शाळकरी मुलांनी याचं उत्तर सुचवलं, की मातीतल्या सूत्रकृमींबरोबर हा जिवाणू जखमेत गेला असेल. माणसाच्या अंगाच्या उबेत तो सहसा टिकत नाही, पण थंडीत गारठलेल्या अंगावर टिकला असेल आणि त्याने इतर जंतूंना रोखलं असेल. त्यांच्या प्रयोगाला आंतरराष्ट्रीय विज्ञान मेळ्यात बक्षीस मिळालं. दंतकथा खरी की खोटी कोण जाणे, पण मुलांनी ती ऐकून "हो बाई" न म्हणता तपासायला घेतली हे मला फार आवडलं. माझ्या वर्गात कुणी असं विचारलं असतं तर मी त्याला खाली बसवलं असतं, हेही कबूल करते.

आता धाकट्याकडे येते. खरं तर सगळं त्याच्यामुळेच.

ऊस पिकवणाऱ्या घरात हुमणी हा शब्द साप या शब्दासारखा उच्चारतात. वळवाचे पहिले पाऊस झाले की मातीतून भुंगेरे निघतात, संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर जमतात, पाला खातात, आणि मादी परत मातीत जाऊन अंडी घालते. अंड्यांतून निघणारी पांढरी, तपकिरी डोक्याची, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली अळी म्हणजे हुमणी. ती मुळं खाते. ऊस वरून पिवळा पडतो, वाळतो, आणि धरून ओढला तर बुडखा अलगद हातात येतो. तोवर फार उशीर झालेला असतो.

१९९८ साली धाकट्याने हुमणीसाठी उभ्या उसात फोरेटचे दाणे टाकले. भर दुपारी, उघड्या हाताने. सगळे तसेच टाकायचे. संध्याकाळी तो गोठ्यात पडलेला सापडला. तोंडाला फेस, घामाने चिंब, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या. मी दुसऱ्या दिवशी एस.टी.ने पोचले तेव्हा त्याला ॲट्रोपिनची इंजेक्शनं चालू होती आणि भावजय दवाखान्याच्या पायरीवर बसून होती. तो चार दिवसांनी मला ओळखून "आक्का" म्हणाला. त्यानंतरची दोन-तीन वर्षं त्याने ते औषध शिवलं नाही, मग परत आणलं. हुमणी होतीच ना. सरकारने फोरेटवर पूर्ण बंदी आणली ती ३१ डिसेंबर २०२० पासून. नातीने हा विषय का निवडला ते तिने मला कधी सांगितलेलं नाही. मीही विचारलेलं नाही.

आणि ज्याच्यासाठी हे सगळं, त्यानेच फोनवर उडवून लावलं. "आक्का, सूत्रकृमी म्हंजी डाळिंबाच्या मुळीला गाठी करतंय त्येच की! आटपाडीकडची लोकं त्येच्या नावानं रडत्यात. आन् मी पैसं देऊन त्ये माझ्या शेतात सोडू व्हय?"

त्याचं काही चुकलं नव्हतं. शेतकऱ्याला सूत्रकृमी या नावाने भेटलेला प्राणी शत्रूच आहे. मुळांवर गाठी करणारे वेगळे, त्यांच्या तोंडात सुईसारखा काटा असतो, ते झाडावर जगतात. हे किड्यांत वाढतात, झाडाला हात लावत नाहीत. मी त्याला म्हटलं, गावात एकाच आडनावाचे दोन लोक असतात, एक चोर असला म्हणून दुसऱ्याला पोलिसात देतोस का? हसला, पण पटलं नव्हतं.

आपल्या देशात हे काही काल सुरू झालेलं नाही. हेटेरोऱ्हॅब्डायटिस इंडिका ही जात कोइमतूरच्या उसाच्या शेतात सापडली आणि १९९२ मध्ये तिचं रीतसर वर्णन झालं. (इंडिका हे नाव मोटारीच्या आधी अळीमाराला मिळालं होतं तर!) पुढे बंगळूरच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन संस्थेने तिची पाण्यात कालवायची पावडर तयार केली, तीही मुख्यतः हुमणीसाठी. आणि त्याही आधी, १९२९ मध्ये, अमेरिकेत न्यू जर्सीला ग्लेझर नावाच्या माणसाला भुंगेऱ्याच्या अळ्यांत असे सूत्रकृमी सापडले होते. त्याने ते वाढवून शेतात सोडलेही. पण जिवाणूचा भाग तेव्हा कळलेला नव्हता, आणि पुढे डीडीटीचा जमाना आला. स्वस्त, झटपट. कोण अळ्या पोसत बसणार?

तर धाकटा शेवटी दहा गुंठ्यांसाठी तयार झाला. नातीच्या सरांनी आमच्या शेवग्याखालचे सूत्रकृमी न्यायला साफ मनाई केली, जात ठरल्याशिवाय दुसऱ्या जिल्ह्यात सोडायचे नाहीत. म्हणून पावडर विकत घेतली. जुलैच्या अखेरीस टाकली. पंधरा दिवसांनी खणून पाहिलं, हुमणी जशीच्या तशी, टुणटुणीत. धाकट्याचा फोन मला, नातीला नाही. "पोरीला काय बोलू न्हाई मी, पर तुझी जंतं मेली बघ."

खरंच मेली होती. नातीने उरलेली पावडर पाण्यात कालवून भिंगाखाली पाहिली. जिवंत पिल्लं पाण्यात सापासारखी लहरत जातात, मेलेली सुईसारखी सरळ पडून असतात. सगळ्या सुया. दुकानात तो पुडा किती दिवस पत्र्याखाली पडून होता देव जाणे. हे औषध म्हणजे युरिया नव्हे, दुधासारखं जपावं लागतं. पण पुड्यावरची बारीक अक्षरं कोण वाचतो? आणि त्यावर आमचीही चूक. धाकट्याने ते सकाळी दहा वाजता, उन्हात टाकलं होतं. आदल्या दिवशी मलाच फोन करून विचारलं होतं, कधी टाकू म्हणून, आणि मी म्हटलं होतं, "सकाळी टाक, दिवसभर काम करतील." शिक्षिकेची सवय, माहीत नसलं तरी उत्तर द्यायचं. ऊन आणि कोरडेपणा या दोन्हींनी हे जीव मरतात. पुडा मेलेलाच होता, त्यामुळे माझ्या सल्ल्याने काही फरक पडला नाही, असं नात म्हणते. मला तसं वाटत नाही. पुडा चांगला असता तरी मी तो मारलाच असता.

दुसरी खेप सप्टेंबरच्या सुरुवातीला. या वेळी नात स्वतः गेली, पुडा थेट तयार करणाऱ्यांकडून आणला, आधी थेंबभर भिंगाखाली पाहिला. पाऊस पडून गेलेली ओली माती, दिवस मावळताना, पंपाची जाळी काढून (नाहीतर बिचारे जाळीतच अडकतात), बुडख्याशी आळवणी. धाकटा बांधावर बसून बघत होता. हातमोजे मात्र घातले होते म्हणे त्याने, गरज नसताना.

मी फार आशा लावून बसले नव्हते. डबीतली अळी मरते म्हणून शेतातली मरेल असं नाही. मेणपतंगाची अळी म्हणजे गरीब गाय. हुमणी तशी नाही. तिच्या श्वासाच्या छिद्रांना चाळणीसारखी झाकणं असतात, आणि अंगाला चिकटलेलं ती झटकून टाकते. मोठी झालेली हुमणी लहानपेक्षा चिवट, आणि सप्टेंबरात ती मोठीच असते. म्हणून जाणकार सांगतात की यावर एकट्यावर विसंबू नका. वळवानंतर भुंगेरे झाडावरून झाडून गोळा करा, दिव्याचे सापळे लावा, मेटारायझियम बुरशी वापरा, नांगरटीत वर आलेल्या अळ्या बगळ्यांना खाऊ द्या. धाकट्याचं म्हणणं, एवढं करायला माणसं कुठायत? मुलगा इस्लामपुरात नोकरीला, घरी ही दोघं सत्तरीची. ते औषध होतं तेव्हा एका माणसाचं काम होतं, आणि तो एक माणूस चार दिवस दवाखान्यात पडला तरी हिशोब तोच राहिला. यावर माझ्याकडे उत्तर नाही. नातीकडेही नाही.

कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी रात्री साडेनऊला फोन. आमच्याकडे त्या वेळेला फोन आला की आधी छातीत धस्स होतं.

"आक्का, झोपलीस का?"

"नाही रे. काय झालं?"

"काय न्हाई. आज त्या दहा गुंठ्यात धा ठिकाणी खणलं. हुमणी हाय अजून, न्हाई म्हणत न्हाई. पर तीन घावल्या, लाल. विटेगत. वास घेतला, घाण न्हाई मारत."

"मग पोरीला कळवलंस का?"

"उद्या कळवतो. आधी खात्री करतोय. एक आणलीया घरी, काडेपेटीत. दिवा बंद करून बसलोय आतल्या खोलीत. किती वेळ बसायचं म्हणलीस?"

"पंधरा मिनिटं. आणि सरळ बघू नकोस, जरा बाजूला बघ."

मागून भावजयीचा आवाज आला, "आवो, दिवा लावा की, ताट वाढलंय कवाचं!" आणि त्याने तिला गप्प बसायला सांगितलं.